विश्लेषण : दुष्काळाची तीव्रता नेमकी मोजतात कशी? यादीत नसलेल्या तालुक्यातही नळ कोरडे का पडतात?

दरवर्षी ऑक्टोबर संपत आला की राज्यातील शेतकऱ्यांचे डोळे एका यादीकडे लागतात. खरिपाचा दुष्काळ जाहीर करण्यासाठी ३१ ऑक्टोबर ही मुदत असते. यादीत आपला तालुका आहे की नाही, यावर कृषी पंपाच्या वीजबिलापासून मुलांच्या परीक्षा शुल्कापर्यंत बरेच काही अवलंबून असते. २०२३ मध्ये ही यादी १५ जिल्ह्यांतील ४० तालुक्यांची निघाली. त्यापैकी २४ तालुक्यांत गंभीर आणि १६ तालुक्यांत मध्यम स्वरूपाचा दुष्काळ होता. मात्र पुढच्या दहा दिवसांतच आणखी सुमारे एक हजार महसुली मंडळांत ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ असल्याचे सरकारला जाहीर करावे लागले. पावसाळा एकच, मग मोजमापात एवढी तफावत कशी? आणि जो तालुका ऑक्टोबरमध्ये कोणत्याच यादीत नव्हता, तिथे एप्रिलमध्ये टँकर का उभा राहतो? याचे उत्तर दुष्काळ मोजण्याच्या पद्धतीत आहे.

दुष्काळ एक की अनेक?

पाऊस कमी पडला की दुष्काळ, एवढे हे सरळ नाही. पाऊस कमी पडतो तो पहिला टप्पा, म्हणजे हवामानशास्त्रीय दुष्काळ. त्यानंतर काही आठवड्यांत जमिनीतील ओल संपते, पिके माना टाकतात. हा कृषी दुष्काळ. नदी, धरण आणि विहिरींवर परिणाम दिसायला काही महिने, कधी एक-दोन वर्षेही लागतात. त्याला जलशास्त्रीय दुष्काळ म्हणतात. शेवटी चारा, मजुरी, बाजारभाव आणि स्थलांतर यांतून तो घराघरांत पोहोचतो.

या प्रत्येक टप्प्याचे घड्याळ वेगळे आहे. सोयाबीनला ऐन शेंगा भरताना वीस दिवस पाणी मिळाले नाही तर पीक हातचे जाते, पण त्या वीस दिवसांनी धरणाला फारसा फरक पडत नाही. उलट सप्टेंबरच्या परतीच्या पावसाने शिवार हिरवेगार दिसते, पण दोन वर्षे रिकामे राहिलेले धरण त्याने भरत नाही. त्यामुळे ‘यंदा दुष्काळ आहे का?’ या प्रश्नाला ‘कशासाठी? पिकासाठी की पाण्यासाठी?’ हा प्रतिप्रश्न विचारावाच लागतो.

पावसाची तूट मोजताना अडचण काय?

सर्वांत सोपे मोजमाप म्हणजे सरासरीच्या तुलनेतील टक्केवारी. भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीत सरासरीपेक्षा १९ टक्के कमी ते १९ टक्के जास्त पाऊस ‘सामान्य’ समजला जातो. तूट २० ते ५९ टक्के असेल तर ‘अपुरा’ आणि ६० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर ‘अत्यंत अपुरा’ पाऊस मानतात.

पहिली अडचण वेळेची. २०२३ चा मोसमी पाऊस देशपातळीवर सरासरीच्या ९४ टक्के होता. आकडा तसा चिंतेचा नाही. पण त्याच हंगामातील ऑगस्ट हा १९०१ पासूनचा देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, त्या महिन्यात तूट ३६ टक्के होती. चार महिन्यांच्या बेरजेत हा खंड झाकला जातो. म्हणून पावसाच्या खंडाचा निकष वेगळा लावतात. सलग तीन-चार आठवडे, प्रत्येक आठवड्यात सरासरीच्या निम्म्याहूनही कमी पाऊस झाला तर तो खंड मानला जातो.

दुसरी अडचण जागेची. राज्यात दोन हजारांहून अधिक महसुली मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत. तरीही एका मंडळात अनेक गावे असतात आणि पावसाळी ढग मंडळाची हद्द पाहून बरसत नाहीत. केंद्रावर ४० मिलिमीटरची नोंद आणि पाच किलोमीटरवर जमीन कोरडी, हा अनुभव शेतकऱ्यांना नवा नाही.

एसपीआय म्हणजे काय?

तिसरी अडचण तुलनेची आहे. ३० टक्के तूट सगळीकडे सारखीच वाईट असते का? याच प्रश्नाचे उत्तर शोधताना अमेरिकेतील कोलोरॅडो राज्य विद्यापीठातील मॅकी, डोस्केन आणि क्लाइस्ट या संशोधकांनी १९९३ मध्ये ‘प्रमाणित पर्जन्य निर्देशांक’ मांडला. तोच एसपीआय. २००९ पासून जागतिक हवामान संघटनेच्या पुढाकाराने हवामानशास्त्रीय दुष्काळासाठी जगभर त्याची शिफारस केली जाते.

त्यामागची कल्पना एका उदाहरणाने समजून घेऊ. दोन काल्पनिक तालुके धरा. दोन्हीकडे सरासरी पाऊस ६०० मिलिमीटर आणि यंदा दोन्हीकडे पडला ४२० मिलिमीटर. म्हणजे तूट सारखीच, ३० टक्के. पण पहिल्या तालुक्यात पाऊस दरवर्षी साधारण १५० मिलिमीटरने वर-खाली होतो, तर दुसऱ्यात २४० मिलिमीटरने. तूट या चढ-उताराने भागली की पहिल्या तालुक्याचा निर्देशांक येतो उणे १.२ आणि दुसऱ्याचा उणे ०.७५. निकषानुसार उणे १ ते उणे १.४९ म्हणजे मध्यम, उणे १.५ ते उणे १.९९ म्हणजे तीव्र आणि उणे २ किंवा त्याखाली अतितीव्र दुष्काळ. म्हणजे तूट सारखी असूनही पहिला तालुका मध्यम दुष्काळात गेला, तर दुसरा नेहमीच्या चढ-उतारात राहिला. (पावसाच्या नोंदी सरासरीच्या दोन्ही बाजूंना सारख्या विखुरलेल्या नसतात. त्यामुळे प्रत्यक्षात आधी गॅमा वितरण वापरून त्या बसवून घेतात, पण तत्त्व हेच.)

या निर्देशांकाचा खरा उपयोग त्याच्या कालावधीत आहे. तो एक, तीन, सहा, बारा किंवा चोवीस महिन्यांच्या पावसावर काढता येतो. तीन महिन्यांचा एसपीआय जमिनीतील ओल आणि पिकांबद्दल सांगतो, तर बारा ते चोवीस महिन्यांचा धरणे आणि भूजलाबद्दल. एकाच दिवशी, एकाच तालुक्याचा तीन महिन्यांचा आकडा चांगला आणि चोवीस महिन्यांचा वाईट असू शकतो. दोन्ही बरोबरच असतात.

मर्यादा एवढीच, की एसपीआय फक्त पाऊस पाहतो. उन्हामुळे किती पाणी उडून जाते, हे त्यात येत नाही. त्यासाठी २०१० मध्ये बाष्पीभवन धरून काढलेला एसपीईआय हा निर्देशांक आला. तापमान वाढत असताना त्याचे महत्त्वही वाढले आहे.

तालुका दुष्काळी कसा ठरतो?

पूर्वी सारी भिस्त आणेवारीवर म्हणजे पैसेवारीवर होती. ५० पैशांपेक्षा कमी पैसेवारी म्हणजे दुष्काळी गाव, हे समीकरण ग्रामीण महाराष्ट्राच्या अंगवळणी पडले होते. केंद्राच्या ‘दुष्काळ व्यवस्थापन संहिता २०१६’ने ही पद्धत बदलली आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्याने त्यानुसार नवे निकष लागू केले. आता तालुक्याला तीन पायऱ्या पार कराव्या लागतात.

पहिली पायरी पावसाची. पावसातील तूट, एसपीआय आणि खंड हे निकष इथे पाहिले जातात.

दुसरी पायरी परिणामांची. तिथे चार गट आहेत : पेरणीचे क्षेत्र, उपग्रहाने टिपलेली पिकांची स्थिती, जमिनीतील ओलावा आणि जलशास्त्रीय निर्देशक, म्हणजे धरणसाठा, भूजल व नदीप्रवाह. यांतील किती निर्देशक किती खालावले, यावरून मध्यम की गंभीर हे ठरते.

तिसरी पायरी सत्यमापनाची. यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या १० टक्के गावांत पथके शेतात जाऊन पिकांचे नुकसान पाहतात. २०१८ मध्ये आधी १८० तालुके दुष्काळसदृश म्हणून जाहीर झाले होते, ३१ ऑक्टोबरच्या अंतिम यादीत मात्र १५१ तालुके राहिले. त्यांतील ११२ गंभीर आणि ३९ मध्यम होते.

उपग्रह इथे काय पाहतो? निरोगी पान लाल प्रकाश शोषते आणि अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करते. या दोहोंतील फरकातून हिरवेपणाचा निर्देशांक निघतो. त्याच आठवड्यातील मागील अनेक वर्षांच्या सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट नोंदीशी त्याची तुलना केली जाते. पद्धत वस्तुनिष्ठ आहे, पण तिला हिरवा रंग दिसतो, शेंगेतला दाणा दिसत नाही. उशिरा आलेल्या पावसाने शिवार पुन्हा हिरवे झाले की नुकसान कागदावर कमी भासू शकते.

मग यादीवरून वाद का होतो?

कारण आधीची पायरी ओलांडल्याशिवाय पुढचे दार उघडत नाही. पावसाच्या पहिल्या निकषातच तालुका अडला, तर तिथल्या विहिरी किती कोरड्या आहेत हे पाहण्याची वेळच येत नाही. शिवाय एकक तालुका आहे. अर्ध्या तालुक्यात चांगला आणि अर्ध्यात नगण्य पाऊस झाला, तर सरासरीत सगळे ठीक दिसते.

२०२३ मध्ये याच कारणाने मंडळनिहाय निकष लावावा लागला. जून ते सप्टेंबर या काळात सरासरीच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस झालेली मंडळे दुष्काळसदृश ठरवण्यात आली.

इथे शब्दांतील फरक लक्षात घ्यायला हवा. ‘दुष्काळ’ जाहीर झालेल्या तालुक्यांसाठी केंद्राच्या आपत्ती निधीतून मदतीचा प्रस्ताव जातो. ‘दुष्काळसदृश’ मंडळांना राज्याच्या सवलती मिळतात : जमीन महसुलात सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, शेती कर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषी पंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, परीक्षा शुल्कमाफी, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता वगैरे. ‘टंचाई’ हा तिसराच शब्द आहे. तो पिण्याच्या पाण्याशी संबंधित आहे आणि त्यासाठी तालुका दुष्काळी असण्याची अट नाही. जिल्ह्याचा टंचाई कृती आराखडा ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांत होतो. विहीर अधिग्रहण, नळयोजनेची तात्पुरती दुरुस्ती, विंधन विहिरी आणि टँकर ही कामे त्यातून होतात.

म्हणजेच ३१ ऑक्टोबरची यादी मुख्यतः खरिपाच्या पिकाचा निकाल असते. नळाचा निकाल त्यानंतर लागायचा असतो.

लातूरला रेल्वेने पाणी का आणावे लागले?

नळाचा निकाल किती उशिरा आणि किती कठोर लागू शकतो, हे लातूरने २०१६ मध्ये अनुभवले. देशात २०१४ चा मोसमी पाऊस सरासरीच्या ८८ टक्के आणि २०१५ चा ८६ टक्के झाला. मराठवाड्याला या दोन्ही वर्षांचा जबर फटका बसला. लातूर शहर मांजरा धरणावर अवलंबून आहे आणि ते धरण आहे शेजारच्या बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात, धनेगावला. अंबाजोगाई, केज, कळंब यांनाही त्याचाच आधार. सलग दोन वर्षे ते भरले नाही आणि शहराचा मुख्य स्रोतच आटला. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू करावी लागली. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. १० वाघिणींत मिळून पाच लाख लिटर पाणी होते. पुढे ५० वाघिणींची गाडी २५ लाख लिटर आणू लागली.

हा आकडा मोठा वाटतो, म्हणून थोडे गणित करू. २०११ च्या जनगणनेनुसार लातूर शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८३ हजार होती. २५ लाख लिटर सर्वांत समान वाटले तर माणशी येतात साधारण साडेसहा लिटर. शहरी पाणीपुरवठ्याचा मापदंड माणशी रोज १३५ लिटर आहे, ग्रामीण भागासाठी जलजीवन मिशनचा मापदंड ५५ लिटर. आता धरणाकडे पाहू. मांजराचा उपयुक्त साठा सुमारे १७७ दशलक्ष घनमीटर आहे. तेवढे पाणी रेल्वेने आणायचे म्हटले तर ५० वाघिणींच्या गाडीला सत्तर हजारांहून जास्त फेऱ्या माराव्या लागतील. आटलेल्या धरणाला पर्याय नसतो. टँकर आणि रेल्वे फक्त तहान भागवतात.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात रेल्वेची गरज संपली आणि पावसाळ्याच्या शेवटी मांजरा भरले. पण लातूरचा दुष्काळ एका उन्हाळ्याचा नव्हता. त्याची नोंद तीन महिन्यांच्या निर्देशांकात नव्हे, बारा आणि चोवीस महिन्यांच्या निर्देशांकात शोधावी लागते.

धरणात ‘शून्य टक्के’ म्हणजे धरण रिकामे?

नेहमी नाही. बातम्यांत येणारी टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते. त्याखाली मृतसाठा असतो. तो कालव्याच्या दारांपर्यंत पोहोचत नाही, पण पंप लावून उपसता येतो. पैठणच्या जायकवाडी धरणाची एकूण क्षमता सुमारे १०२.७ टीएमसी आहे. त्यात उपयुक्त साठा ७६.६ आणि मृतसाठा सुमारे २६ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे साधारण २,८३२ कोटी लिटर. म्हणून जायकवाडी ‘शून्य’वर आले तरी छत्रपती संभाजीनगर, जालन्यासारख्या शहरांची तहान मृतसाठ्यावर भागवता येते. २०१६ आणि २०१९ च्या उन्हाळ्यात तसे झालेही. मांजराचा मृतसाठा मात्र सुमारे ४७ दशलक्ष घनमीटर, म्हणजे पावणेदोन टीएमसीच्या आत आहे. दोन धरणांतील ‘शून्य टक्के’ सारखे नसते ते असे.

बाष्पीभवनाचाही हिशेब ठेवावा लागतो. जायकवाडी उथळ आणि पसरट आहे. पाणी २०० चौरस किलोमीटरवर पसरले असताना उन्हाळ्यात दिवसाला एक सेंटीमीटर जरी उडाले, तरी २०० कोटी लिटर कमी होते. हे पाणी कोणाच्याही कोट्यात लिहिलेले नसते.

नाशिकच्या पावसाचा मराठवाड्याच्या नळाशी काय संबंध?

जायकवाडी धरण मराठवाड्यात असले तरी त्याचे पाणी मुख्यतः नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतून येते. तिथली धरणे आधी भरतात, मग खाली पाणी येते. त्यामुळे पैठणला भरपूर पाऊस होऊनही जायकवाडी अर्धे राहू शकते आणि मराठवाडा कोरडा असतानाही ते भरू शकते. तालुक्यापुरता काढलेला कोणताही निर्देशांक हे नाते दाखवत नाही.

म्हणूनच समन्यायी पाणीवाटपाचे सूत्र आले. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा २००५ चा, तर त्यावर आधारलेली मेंढेगिरी समितीची शिफारस २०१३ ची. खरिपातील वापर धरून १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे लागते. २०२३ मध्ये तो निम्म्याहूनही कमी होता. ऑक्टोबरअखेर ८.६०३ टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला, प्रत्यक्ष विसर्गाला नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला. दोन्हीकडच्या शेतकऱ्यांचा रब्बी हंगाम या तारखांवर टांगलेला असतो. वरच्यांना आपले आवर्तन जाण्याची भीती, खालच्यांना उशीर झाल्यास वाटेतच पाणी मुरण्याची.

आणि विहिरी?

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग काळ्या बेसॉल्ट खडकाचा आहे. गंगेच्या खोऱ्यासारखा गाळाचा जाड थर इथे नाही. पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. ही टाकी लहान आहे. चांगल्या पावसात लवकर भरते आणि उपसा वाढला की लवकर रिकामी होते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरींची पातळी मोजते आणि मागील पाच वर्षांच्या सरासरीशी तुलना करते. ऑक्टोबरची पातळी सरासरीपेक्षा मीटर-दोन मीटर खाली असेल, तर ती उन्हाळ्यातील टँकरची आगाऊ सूचना समजावी.

इथेही एक गोष्ट कोणत्याच निर्देशांकात येत नाही, ती म्हणजे मागणी. पाऊस तेवढाच, पण शिवारात बारा ते अठरा महिने उभा राहणारा ऊस वाढला, बोअर खोल गेले, शहर वाढले, तर तीच तूट अधिक बोचते. ही तफावत पावसाच्या नोंदीत सापडत नाही.

आपल्या गावासाठी काय पाहावे?

पाच आकडे नोंदवून ठेवले तर यादीची वाट न पाहता अंदाज बांधता येतो.

एक, आपल्या मंडळाचा आठवडानिहाय पाऊस. कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर तो मिळतो. बेरजेपेक्षा खंड मोजा.

दोन, जिल्ह्याचा तीन आणि बारा महिन्यांचा एसपीआय. पहिला चांगला आणि दुसरा वाईट असेल, तर पीक येईल पण पाणी पुरणार नाही, असा त्याचा अर्थ.

तीन, ऑक्टोबरमधील विहिरीची पातळी. गावातल्या चार-पाच विहिरींची दोरीने घेतलेली नोंदही चालते, फक्त दरवर्षी त्याच विहिरी आणि तोच आठवडा हवा.

चार, आपल्या धरणाचा १५ ऑक्टोबरचा उपयुक्त साठा. धरण आपल्या तालुक्यात नसले, तरी तेच पाहायचे. त्यातून पिण्यासाठी किती पाणी राखून ठेवले, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीच्या वेळी विचारता येते.

पाच, नळाला किती दिवसांनी पाणी येते. चार दिवसांचे आठ दिवस कधी झाले, ती तारीख लिहून ठेवावी. टंचाईच्या प्रस्तावाला हीच नोंद कामी येते.

२०१९ च्या उन्हाळ्यात राज्यात सहा हजारांहून जास्त टँकर धावत होते. त्या टंचाईची चिन्हे आधीच्या ऑक्टोबरमध्येच विहिरींत आणि धरणांत उमटलेली होती. मोजमाप उपलब्ध असते, प्रश्न ते कधी आणि कशासाठी वाचले जाते हा आहे. यंदाची यादी आली की तालुक्याचे नाव जरूर शोधा. मात्र नाव नसले, तर विहिरीत दोरी सोडून पाहायला विसरू नका.